आदल्या संध्याकाळची न्याहारी

कन्नड भाषेत सकाळच्या खाण्याला 'तिंडी' म्हणतात. 'तिन्नु' म्हणजे खाणे, या क्रियापदापासून हा शब्द आला; पूर्ण जेवणासाठी 'ऊट' हा वेगळा शब्द आहे. बंगळुरू, म्हैसूर, मंड्या, तुमकुरू या जुन्या म्हैसूर संस्थानाच्या मुलखात सकाळी भेटलेला ओळखीचा माणूस 'तिंडी आयता?', म्हणजे 'न्याहारी झाली का?', असे विचारतो आणि त्या प्रश्नातच क्षेमकुशल विचारलेले असते. मराठीतील 'न्याहारी' हा शब्द शेतावरच्या भाकरीशी जोडलेला आहे, तर 'नाष्टा' म्हटले की चहासोबतची बशीभर पोहे-खारी डोळ्यांपुढे येते. तिंडी मात्र या दोहोंपेक्षा भरगच्च असते. ती ताटात वाढली जाते, तिला चटणी, लोणी किंवा तूप आणि कधी गोडाची जोड असते, आणि ती खाऊन उठलेल्या माणसाला दुपारपर्यंत भुकेची आठवण होत नाही. दक्षिण बंगळुरूतील बनशंकरी या वस्तीत अशी तिंडी आजही घरोघर होते. ती नीट समजून घ्यायची, तर तिच्या पाककृतींपेक्षा तिचे वेळापत्रक आधी पाहावे लागते, कारण ताटात सकाळी आठला येणाऱ्या या खाण्याची सुरुवात पहाटे नव्हे, आदल्या संध्याकाळी झालेली असते.

देवीचे नाव, वस्तीचे नाव

बनशंकरी हे नाव मराठी वाचकाला परके नाही. कनकपुरा रस्त्यावर १९१५ मध्ये उभारलेल्या बनशंकरी अम्मांच्या देवळावरून या वस्तीला नाव मिळाले, आणि त्या देवीचे मूळ ठाणे बागलकोट जिल्ह्यात बदामीजवळ चोळचगुड्ड येथे आहे. बन म्हणजे अरण्य. अरण्यात वास करणारी शंकरी ती बनशंकरी. तिचेच दुसरे नाव शाकंभरी. दुष्काळात आपल्या देहातून शाक, म्हणजे भाज्या व कंदमुळे, उत्पन्न करून जिने लोकांना जगवले अशी ही देवता, आणि महाराष्ट्रातील अनेक देशस्थ घराण्यांचीही ती कुलस्वामिनी आहे. बदामीजवळच्या देवळाची सध्याची वास्तू १७५० मध्ये मराठा सरदार परशुराम आगळे यांनी बांधवली. पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंतच्या शाकंभरी नवरात्रात देवीपुढे अनेक भाज्यांचा नैवेद्य मांडतात आणि पौष पौर्णिमेच्या सुमारास तिथे मोठी जत्रा भरते. देवळाच्या परिसरात आसपासच्या गावांतील बायका टोपलीतून ज्वारीची भाकरी, लाल चटणी आणि घट्ट दही आणून यात्रेकरूंना वाढतात. भूक भागवणाऱ्या देवीच्या नावाने वसलेल्या वस्तीत न्याहारीचा विचार करणे म्हणूनच अगदी सयुक्तिक आहे.

बंगळुरूची बनशंकरी मात्र फार जुनी नाही. शहराच्या दक्षिणेकडील ही वस्ती नियोजित भूखंडांच्या टप्प्याटप्प्याने वाढत गेली. प्रत्येक टप्प्याला 'स्टेज' म्हणतात आणि पत्त्यात स्टेजचा क्रमांक अगत्याने लिहिला जातो. जून २०१७ मध्ये मेट्रोची हिरवी मार्गिका इथपर्यंत आली, तरी आतल्या गल्ल्यांत अजून दारापुढे नारळ, कढीपत्ता आणि पारिजात असलेली बैठी व दुमजली घरे दिसतात. इथे कन्नड, तेलुगू, तमिळ आणि तुळू बोलणारी कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. त्यांत मराठी बोलणारीही आहेत: काही नोकरीनिमित्त पुण्या-सोलापुराहून आलेली, काही बेळगाव-धारवाडकडची, आणि काही अशी, की ज्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वीच दक्षिणेत उतरले आणि ज्यांच्या मराठीत आता कन्नड किंवा तमिळ वळणे मुरली आहेत.

हॉटेलातील तिंडी आणि घरातील तिंडी

महाराष्ट्रात 'साउथ इंडियन' म्हटले की इडली, मेदुवडा, मसाला डोसा आणि सांबार एवढेच समोर येते. हा समज हॉटेलांनी घडवला. उडुपी भागातील माणसांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत खानावळी व हॉटेले काढली, आणि तिथे ताबडतोब वाढता येतील, सर्वांना आवडतील असे मोजकेच पदार्थ पुढे आले. बंगळुरूतही हॉटेलांची परंपरा मोठी आहे. उडुपीजवळच्या खेड्यातून आलेल्या मय्या बंधूंनी १९२४ मध्ये सुरू केलेले उपाहारगृह पुढे मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजे एमटीआर, या नावाने प्रसिद्ध झाले. गांधी बाजारातील विद्यार्थी भवन १९४३ चे आणि शंकरपुरातील ब्राह्मिन्स कॉफी बार १९६५ चा. ही तिन्ही ठिकाणे बनशंकरीपासून काही किलोमीटरच्या आत आहेत. दुसऱ्या महायुद्धात जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तिकडून येणारा तांदूळ थांबला, तेव्हा एमटीआरने तांदळाऐवजी गव्हाचा रवा वापरून रवा इडली केली. टंचाईतून जन्मलेला हा पदार्थ आज बंगळुरूची ओळख झाला आहे. १९८० च्या दशकात जयनगरमधून उभ्याने खाण्याच्या 'दर्शिनी' या स्वस्त, स्वच्छ उपाहारगृहांची लाट सुरू झाली आणि शहरभर पसरली.

घरातली तिंडी या यादीत बसत नाही. बनशंकरीतील घरात आठवड्याच्या सात सकाळींपैकी इडली किंवा दोसे (डोशाला कन्नडमध्ये 'दोसे' म्हणतात) फार तर दोन-तीन वेळा होतात. उरलेल्या दिवशी उप्पिट्टु, अवलक्की म्हणजे पोहे, चित्रान्न, अक्की रोट्टी, शाविगे म्हणजे शेवया, किंवा 'भात' या नावाखाली येणारा एखादा पदार्थ असतो. ही फिरती मनात आपोआप ठरलेली असते आणि तिच्यामागे धान्याचा हिशेब असतो. रात्रीचा भात उरला की सकाळी त्यावर मोहरी, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, हळद, हिरवी मिरची यांची फोडणी पडते, वरून लिंबू पिळले जाते, आणि त्याचे चित्रान्न होते. मराठी घरातील फोडणीच्या भाताचेच हे पिवळेधमक भावंड होय. पीठ दळून, आंबवून ठेवले असेल तर पहिल्या दिवशी त्याच्या इडल्या होतात, दुसऱ्या दिवशी ते पातळ करून दोसे, आणि तिसऱ्या दिवशी आंबटपणा चढला की कांदा-मिरची घालून 'पड्डु', म्हणजे आप्पे. एकच पीठ तीन सकाळी चालते. त्याचा वाढता आंबटपणा दोष न मानता त्याला साजेसा पदार्थ निवडायचा, हे ज्ञान कोणत्याही हॉटेलात लागत नाही, कारण तिथले पीठ त्याच दिवशी संपते.

आंबवणाची रात्र

इडलीचा इतिहास लिहिताना कन्नड आणि मराठी प्रदेश वेगळे करता येत नाहीत. इ. स. ९२० च्या सुमारास शिवकोट्याचार्यांच्या नावावर असलेल्या 'वड्डाराधने' या कन्नड ग्रंथात 'इड्डलिगे' हा शब्द येतो. सुमारे १०२५ मधील, दुसऱ्या चावुंडरायाच्या 'लोकोपकार' या ग्रंथात उडीद ताकात भिजवून, वाटून, त्यात दह्याचे पाणी, जिरे, कोथिंबीर, मिरे व हिंग घालण्याची कृती दिली आहे. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत कोशग्रंथात 'इडरिका' आणि 'धोसक' हे पदार्थ येतात. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, आणि या राज्याच्या कक्षेत आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग होता. या जुन्या वर्णनांतील इडली केवळ उडदाची आहे, असे अन्नेतिहासाचे अभ्यासक के. टी. अचय यांनी दाखवून दिले. तांदळाची जोड, रात्रभर आंबवणे आणि वाफवणे ही आजच्या इडलीची अंगे तिला पुढे लाभली.

आज बनशंकरीच्या घरात इडलीसाठी एक वाटी उडीद डाळीला तीन ते चार वाट्या तांदूळ किंवा तांदळाचा रवा घेतात. या रव्याला 'अक्की तरी' म्हणतात ('अक्की' म्हणजे तांदूळ) आणि त्याच्यामुळेच इथली इडली तमिळनाडूच्या इडलीपेक्षा किंचित रवाळ लागते. डाळ दुपारी भिजते, संध्याकाळी दळली जाते. पूर्वी हे काम 'ओरळु कल्लु', म्हणजे मधे खळगा असलेल्या दगडी रगड्यावर, गोल बत्ता हाताने फिरवून होई आणि त्याला तास-दीड तास लागे; १९५५ मध्ये कोइमतूरच्या पी. सबापती यांनी विजेवर चालणारा दगडी ग्राइंडर आणला आणि दक्षिणेतील असंख्य बायकांच्या खांद्यांवरचा भार हलका झाला. दगडच का, याला कारण आहे: मिक्सरची पाती वेगाने फिरून पीठ तापवतात, तर दगड सावकाश फिरत त्यात हवा भरतो. पिठाचा चमचाभर गोळा वाटीतल्या पाण्यात टाकून पाहतात. तो तरंगला, तर डाळ पुरेशी फुलली. बुडाला, तर आणखी दहा मिनिटे दळायचे.

नंतर मीठ घालून पीठ हाताने कालवतात आणि दुपटीने फुगले तरी ऊतू जाणार नाही अशा खोल पातेल्यात झाकून ठेवतात. रात्रीच्या आठ-दहा तासांत धान्यावर मुळातच असलेले जिवाणू पिठातील साखर खाऊन आम्ल व कार्बन डायऑक्साइड वायू तयार करतात. त्यांतला मुख्य 'ल्युकोनोस्टॉक मेसेंटरॉइडस' नावाचा आहे. उडदातील प्रथिने आणि चिकट द्रव्य त्या वायूचे बुडबुडे पकडून ठेवतात, म्हणून सोडा न घालता इडली फुलते. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते, तर डाळीतील मेथिओनिनची उणीव तांदूळ काही अंशी भरून काढतो. त्यामुळे दोहोंच्या मिश्रणातून मिळणारे प्रथिन दोन्हींपेक्षा सरस ठरते.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथला पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो, म्हणून त्या दिवसांत पीठ हट्ट करते. मग घरातील अनुभवी बाई संध्याकाळी तासभर लवकर दळते, मीठ सकाळी घालते, पातेले जुन्या चादरीत गुंडाळते किंवा कोमट पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवते. एप्रिलमध्ये तीच बाई उशिरा दळते आणि पाणी थंड घेते. पाककृतीच्या पुस्तकात 'आठ तास आंबवावे' असे एक वाक्य असते. त्या एका वाक्याच्या जागी तिच्याजवळ बारा महिन्यांची बारा उत्तरे असतात.

तव्यावरची रोट्टी

तिंडीतील घरगुती कौशल्य जवळून पाहायचे, तर अक्की रोट्टी पाहावी. तांदळाच्या पिठात खवलेला नारळ, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, जिरे, मीठ आणि 'सब्बसिगे सोप्पु' घालतात. सोप्पु म्हणजे पालेभाजी, आणि सब्बसिगे म्हणजे महाराष्ट्रात कित्येक मुले नाक मुरडतात तो शेपू. तांदळात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कोमट पाण्याने सैलसर भिजवलेला हा गोळा पोळपाटावर लाटता येत नाही, तो थेट तव्यावर थापावा लागतो. तवा थंड असतो. त्यावर तेल पसरून, ओल्या बोटांनी गोळा मधून कडेकडे दाबत नेतात, कडा फाटली तर बोटाने शिवतात, मधे आणि आजूबाजूला भोके पाडून त्यांत तेलाचे थेंब सोडतात, आणि मगच तवा चुलीवर चढतो व वर झाकण पडते. तेलाचा चुर्रर्र आवाज बारीक झाला, शेपूचा वास उठला आणि कडा तव्यापासून सुटल्या, की रोट्टी झाली. खालची बाजू तांबूस कुरकुरीत आणि वरची मऊ अशी ती ताटात येते, वर लोण्याचा गोळा वितळत असतो, आणि सोबत 'हुरिगडले'ची, म्हणजे मराठीतल्या पंढरपुरी डाळ्याची, नारळ घालून वाटलेली घट्ट चटणी असते.

ही थालीपिठाचीच रीत आहे, हे कोणाही मराठी वाचकाच्या लगेच ध्यानात येईल. फरक एवढाच, की थालीपिठात भाजणी असते आणि इथे तांदूळ. अडचण मात्र दुसऱ्या रोट्टीपासून सुरू होते, कारण तापलेल्या तव्यावर बोटांनी थापता येत नाही. म्हणून काही घरांत दोन तवे आळीपाळीने वापरतात, काही घरांत तवा उलटा करून नळाखाली धरतात, आणि काहींत केळीच्या पानावर किंवा ओल्या फडक्यावर थापून रोट्टी तव्यावर उलटवतात. सहा माणसांच्या घरात प्रत्येकी दोन म्हटले, तरी बारा वेळा हे करावे लागते. 'इन्नोंदु', म्हणजे 'अजून एक', असे म्हणत वाढणारा हात आणि 'साकु', म्हणजे 'पुरे', असे म्हणून ताटावर आडवा धरलेला हात, हा या वस्तीतील रविवार सकाळचा नित्याचा देखावा आहे. करणारी मात्र गरम रोट्टी बहुधा खात नाही. तिची रोट्टी शेवटची असते आणि तोवर चटणीच्या वाडग्याचा तळ दिसू लागलेला असतो.

वांगी भात, उप्पीट आणि शब्दांची देवघेव

बनशंकरीच्या ताटातील मराठी अंश केवळ रीतीत नाही, नावातही आहे. कन्नडमध्ये शिजलेल्या तांदळाला 'अन्न' म्हणतात आणि वांग्याला 'बदनेकायी'. तरीही मसालेदार वांगीभाताला तिथे 'वांगी बाथ' हेच नाव आहे. हे दोन्ही शब्द उघडच मराठीतून आले आहेत. 'बिसि बेळे बाथ' या नावात बिसि म्हणजे गरम आणि बेळे म्हणजे डाळ हे कन्नड, आणि शेवटचा भात मराठी. पुढे 'बाथ' हा शब्द इतका रुळला, की तांदळाशी संबंध नसलेल्या पदार्थांनाही तो लागला: रव्याच्या तिखट उप्पिट्टुला 'खारा बाथ' आणि शिऱ्याला 'केसरी बाथ' म्हणतात, आणि दोन्ही एकाच बशीत वाढले की त्याला 'चौ चौ बाथ'. नव्याने आलेला मराठी माणूस इथे दोनदा चकतो, कारण कन्नड 'खारा' म्हणजे खारट नव्हे, तिखट. आणि त्यातला बाथ म्हणजे भात नव्हे, रवा. वांगी बाथ व बिसि बेळे बाथच्या मसाल्यात लवंगेसारखी दिसणारी, पण तिच्याहून मोठी एक सुकी कळी घालतात. सावरीच्या जातीच्या झाडाच्या या कळीला कन्नडमध्ये 'मराठी मोग्गु' म्हणतात. मोग्गु म्हणजे कळी. महाराष्ट्रातील बहुतेक स्वयंपाकघरांना अनोळखी असलेला हा मसाला बंगळुरूच्या प्रत्येक किराणा दुकानात मराठीच्या नावाने विकला जातो.

या देवघेवीला इतिहासाची पार्श्वभूमी आहे. १६३८ मध्ये आदिलशाही सैन्याने बंगळुरूचे संस्थापक केंपेगौडा यांच्या वंशजाकडून हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. पुढची जवळपास पन्नास वर्षे इथे भोसल्यांचा अंमल होता. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १६८७ मध्ये बंगळुरू मराठ्यांच्या हातून गेले, ते शेवटी म्हैसूरच्या चिक्कदेवराज ओडेयर यांच्याकडे स्थिरावले. तंजावरचे मराठी राज्य एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकले आणि तिथल्या दरबाराने पाकशास्त्रालाही आश्रय दिला. तिथले राजे दुसरे सरफोजी यांच्या नावाशी निगडित 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा ग्रंथ तंजावरच्याच सरस्वती महाल ग्रंथालयाने जपला आहे. तमिळ घरांतील 'डांगर पच्चडी' व 'रसवांगी' या पदार्थांच्या नावांत तो मराठी वारसा अजून ऐकू येतो. राज्ये गेली, किल्ल्यांची दारे बदलली, पण स्वयंपाकघरात शिरलेले शब्द तिथेच राहिले.

उलट दिशेनेही शब्द आले. मराठीतील 'उप्पीट' म्हणजे कन्नडचे 'उप्पिट्टु'च: 'उप्पु' म्हणजे मीठ आणि 'हिट्टु' म्हणजे पीठ. 'तूप' हा शब्द कन्नड 'तुप्प'शी आणि 'अडकित्ता' हा 'अडकोत्तु'शी जोडला जातो. 'अडके' म्हणजे सुपारी. कन्नड 'कोसंबरी' आणि मराठी 'कोशिंबीर' यांचे साम्य सांगावे लागत नाही, फक्त तिथली कोसंबरी भिजवलेल्या मुगाच्या डाळीची असते. पदार्थांचेही असेच: तुळुनाडूचे 'नीर दोसे' म्हणजे कोकणातले घावन, आणि 'ओत्तु शाविगे' म्हणजे नारळाच्या गोड रसात बुडवलेले शिरवाळे. शाविगे करताना तांदळाच्या उकडीचे गरम गोळे लोखंडी किंवा पितळी सोऱ्यातून दाबायला दोघांचे बळ लागते. एकीने दाबायचे आणि दुसरीने खाली ताट फिरवत शेवया झेलायच्या. मालवणात आणि बनशंकरीत हे दृश्य एकच आहे. एकादशीला किंवा शनिवारी एकभुक्त राहणाऱ्या कन्नड घरात 'फलाहार' म्हणून उप्पिट्टु किंवा अवलक्की चालते, कारण तिथे निषेध शिजलेल्या भाताचा असतो. साबुदाणा व वरई यांवर उपास करणाऱ्या मराठी सुनेला मात्र हे पचायला वेळ लागतो, आणि मिश्र घरांत त्या दिवशी दोन्ही होतात.

'गोज्जवलक्की' हा आणखी एक नमुना. जाडे पोहे रव्यासारखे भरड दळून, चिंच, गूळ आणि 'सारिन पुडी', म्हणजे साराचा मसाला, मिसळलेल्या पाण्यात भिजवतात; ते पाणी पूर्ण शोषून मोकळे झाले की शेंगदाण्यांची फोडणी आणि सुके खोबरे पडते. चुलीवर फक्त फोडणी होते, बाकीचे काम भिजणे करते. दडपे पोह्यांशी त्याचे नाते स्पष्ट आहे, आणि गोकुळाष्टमीला कृष्णासाठी पोहे, हा भावही दोन्हीकडे सारखाच.

अवरेकाळूचे दिवस

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात बनशंकरीच्या बाजारात, गांधी बाजारात आणि कनकपुरा रस्त्यालगत 'अवरेकायी'चे, म्हणजे पावट्याच्या शेंगांचे, ढीग लागतात. दवावर पोसलेल्या शेंगेच्या सालीवर एक तेलकट, उग्र सुवास असतो. त्याला कन्नडमध्ये 'सोगडु' म्हणतात आणि गिऱ्हाईक शेंग हातात चोळून, हुंगून मगच भाव विचारते. शहरात या हंगामात अवरेकाळूची जत्राच भरते; पूर्वी ती विश्वेश्वरपुरातील सज्जनराव चौकाजवळ भरत असे. या दिवसांत तिंडीचा प्रत्येक पदार्थ अवरेकाळू अंगावर घेतो: ते उप्पिट्टुत पडतात, अक्की रोट्टीत पडतात, चित्रान्नातही पडतात.

त्यांतील सर्वांत नाजूक प्रकार म्हणजे 'हितुकिद बेळे'. 'हितुकु' म्हणजे चिमटीत दाबणे. सोललेले दाणे काही तास भिजवतात आणि एकेक दाणा अंगठा व तर्जनी यांच्यात धरून दाबतात. साल मागे राहते आणि आतली हिरवट डाळ टपकन भांड्यात उडते. किलोभर शेंगांतून निघणारी ही डाळ ओंजळभर वाटावी इतकी थोडी असते. हे काम एकट्याचे नाही, म्हणून ते संध्याकाळी बाहेरच्या खोलीत, घमेले मधे ठेवून, सगळ्यांनी भोवती बसून होते. आजोबांच्या बोटांना वेग राहिलेला नसतो, मुलांचे दाणे डाळीऐवजी भिंतीकडे उडतात, आणि बोलता-बोलता दोन तासांत सकाळच्या उप्पिट्टुची सोय होते. वालाच्या बिरड्यासाठी डाळिंब्या सोलणाऱ्या रायगड-ठाण्याकडील घरांना हे चित्र शब्दाशब्दाने परिचित असेल.

या दाण्याशी शहराच्या नावाचीही कथा जोडली आहे. वाट चुकलेल्या होयसळ बल्लाळ राजाला एका म्हातारीने उकडलेले दाणे खायला दिले, म्हणून गावाला 'बेंद काळूर', म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव, हे नाव पडले, अशी लोककथा आहे. तिला इतिहासाचा आधार नाही, कारण बेगूर येथील नागेश्वराच्या देवळातील, नवव्या शतकाच्या अखेरच्या शिलालेखात होयसळ बल्लाळांच्या कितीतरी आधी 'बेंगळूरु' हे नाव कोरलेले आहे. तरीही लोकांनी आपल्या गावाच्या नावाचे मूळ एखाद्या विजयात न शोधता भुकेल्या पाहुण्याला वाढलेल्या वाडग्यात शोधले, याला महत्त्व आहे.

संध्याकाळ कोणाची

तिंडीसोबत येणाऱ्या कॉफीचीही तयारी बहुधा आदल्या रात्रीच होते. पितळी किंवा स्टीलच्या दुमजली फिल्टरमध्ये वरच्या भांड्यात चिकोरी मिसळलेली पूड दाबून उकळते पाणी ओततात आणि थेंबथेंब गळणारा अर्क, ज्याला 'डिकॉक्शन' म्हणतात, खालच्या भांड्यात साठतो. अनेक घरांत हेही रात्री लावून ठेवतात. म्हणजे रात्री दिवे मालवले जातात, तेव्हा ओट्यावर तीन गोष्टी चालू असतात: पीठ फुगत असते, दाणे भिजत असतात, कॉफी गळत असते.

गेल्या पन्नास वर्षांत या संध्याकाळचा काही भाग घराबाहेर गेला. आणीबाणीच्या काळात खाद्यपदार्थांच्या किमतींवर निर्बंध आले तेव्हा एमटीआरने तयार पिठांच्या पाकिटांकडे लक्ष वळवले. २००५ मध्ये बंगळुरूतच सुरू झालेल्या आयडी फ्रेश या कंपनीने इडली-दोशाचे ओले पीठ पिशवीत भरून विकायला सुरुवात केली, आणि आता बनशंकरीच्या कोपऱ्यावरील प्रत्येक दुकानाच्या शीतकपाटात ते मिळते. यात हळहळण्यासारखे काही नाही. दोन नोकऱ्यांच्या घरात, दीड तासाची बसवारी करून सातला परतणाऱ्या बाईने पुन्हा रगड्याशी उभे राहावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. चव राखण्याच्या नावाखाली एकाच माणसाची प्रत्येक संध्याकाळ गहाण ठेवणाऱ्या परंपरेचे गोडवे गाणे सोपे असते, कारण ते गाणारा बहुधा ताटावर बसलेला असतो.

परंतु पाकिटातून जे येत नाही तेही स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. पिशवीतले पीठ बाराही महिने सारखेच आंबलेले असते. शेपू कधी जून झाला, नारळ कधी खवट लागला, तिसऱ्या दिवशीच्या पिठाचे काय करायचे, धाकट्याला ताप आहे म्हणून आज मऊ इडलीच हवी, हे त्याला ठाऊक नसते. हे सगळे ठाऊक असलेली आजी, अत्ते (कन्नड घरात आत्याला आणि सासूलाही 'अत्ते' म्हणतात) किंवा मामी घरातून गेली, की तिच्या वहीत पाककृती सापडतात. पण तांदूळ 'बेकादष्टु', म्हणजे हवे तेवढे, आणि मीठ 'रुचिगे', म्हणजे चवीपुरते, असेच तिथे लिहिलेले असते. प्रमाण तिच्या हातात होते. ते मिळवायचे, तर ती असतानाच, तिच्याशेजारी ओट्याशी उभे राहून, पिठाचा गोळा पाण्यात टाकून पाहावा लागतो, आणि हे उभे राहणे घरातल्या मुलींइतकेच मुलांचेही काम आहे. बनशंकरीतील काही घरांत आता तसे होऊ लागले आहे: रविवारची रोट्टी मुलगा थापतो, शनिवारी रात्री डाळ सून आणि सासरे मिळून दळतात, आणि ज्या बाईने चाळीस वर्षे शेवटची रोट्टी खाल्ली तिच्या ताटात पहिली पडते.

शाकंभरीच्या कथेत देवीने आपल्या देहातून धान्य-भाजी दिली, म्हणून तिची पूजा होते. घरातली तिंडीही एका माणसाच्या देहातूनच, त्याच्या बोटांतून, पाठीतून आणि संध्याकाळच्या विश्रांतीतून येते. त्या माणसाला पूजा नको असते. सकाळी पातेल्यावरचे झाकण उचलले, पीठ काठापर्यंत फुगलेले दिसले, की 'आले बरे' म्हणून आपल्याबरोबर आनंदणारे आणखी एक कोणी ओट्यापाशी असावे, आणि पुढच्या संध्याकाळी डाळ भिजत घालायची आठवण त्यालाही व्हावी, एवढे त्याला पुरते.